विरजणांतले सूक्ष्म जंतु

नागपूरच्या दक्षिणेस बेसा आहे. पूर्वीं तें खेडें होतें. आतां तेथें उंच इमारती झाल्या. कोमट दुधाला रात्रीं विरजण लावण्याची चाल मात्र तीच.

विरजणांतले जंतु दुधांतील शर्करेचें आम्ल करतात. म्हणून दूध थिजतें, आणि पुष्कळांना दूध सोसलें नाहीं तरी दहीं सोसतें. बल्गेरियांतील दह्यांतला असा एक जंतु ग्रिगोरोव्ह यांनीं १९०५ सालीं शोधला. मेच्निकॉफ यांनीं पुढें त्याचा संबंध दीर्घायुष्याशीं जोडला. ही अंमळ अतिशयोक्तीच, कारण तो जंतु आंतड्यांत ठाण मांडीत नाहीं.

कढी उकळली कीं हे जंतु मरतात. चवीला बाध नाहीं! औषधी गोळ्यांतला बॅसिलस कोअॅग्युलन्स मात्र बीजाणुरूपानें उष्णता सोसतो, म्हणून तो भाजलेल्या खाद्यांतहि घालतां येतो.

जंतुनाशक औषधांमुळें होणारे जुलाब कांहीं जातींनीं कमी होतात. सर्वच जातींना तो गुण नाहीं. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला तर अशी पूड डॉक्टरांना विचारल्यावांचून कदापि देऊं नये. अमेरिकेंत २०२३ सालीं असें एक अर्भक, त्याला दिलेले जंतु रक्तांत शिरल्यावर, दगावलें. तेव्हां तेथील सरकारी खात्यानें डॉक्टरांना जाहीर इशारा दिला.