मानेसर : नाव आणि गाव

'मानेसर' हे नाव प्रथमच कानी पडले, तर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे छडी घेतलेले कोणी माने मास्तर उभे राहावेत, हे साहजिकच आहे. परंतु उत्तरेकडील गावांच्या नावांतील 'सर' म्हणजे सरोवर होय. अमृतसर आपल्या परिचयाचे आहे. राजस्थानच्या रुक्ष मुलखात लूणकरणसरसारखी कितीतरी गावे आढळतात. पाणी दुर्मीळ, म्हणून नावात तरी ते जपावयाचे! मानेसर हे नाव त्याच वळणाचे आहे.

दिल्लीहून जयपुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, गुरुग्रामच्या पुढे, अरवलीच्या बुटक्या टेकड्यांलगत हे गाव आहे. हा अहीरवाल प्रदेश. बाजरी नि मोहरी पिकविणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुले धाडणारा. १८०३ पर्यंत गुडगावचा हा टापू शिंद्यांच्या वर्चस्वाखाली होता. त्या वर्षीच्या ३० डिसेंबरला दूर वऱ्हाडात सुर्जी-अंजनगाव येथे तह झाला आणि येथील धनी बदलला.

दोनशे वर्षांनी पुन्हा कागदानेच गावावर आघात केला. २७ ऑगस्ट २००४ रोजी मानेसर, लखनौला व नवरंगपूर येथील सुमारे ९१२ एकर जमीन संपादन करण्याची अधिसूचना निघाली. सरकार जमीन घेणारच, मग मोबदला कधी व किती, या धास्तीने शेतकऱ्यांनी ती बांधकाम कंपन्यांना मिळेल त्या भावाने विकली. २४ ऑगस्ट २००७ रोजी सरकारने संपादनच सोडून दिले! सरकारी दप्तरातील दोन तारखांमध्ये एखाद्या कुटुंबाची पिढीजात शेती कशी नाहीशी होते, हे येथे पाहावे. १२ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा सारा व्यवहार कपटाचा ठरविला. शेतकऱ्यांच्या हाती पडलेले पैसे परत घेऊ नयेत, असेही सांगितले. पण जमीन त्यांच्याकडे आली नाही, ती शासकीय संस्थांकडे गेली.

नावाचा विस्तार मात्र थांबला नाही. मोटारींचे कारखाने मानेसरचे म्हणून देशभर ओळखले जातात. त्या औद्योगिक वसाहतीखालील पुष्कळशी जमीन वस्तुतः कासन, नाहरपूर कासन, खोह अशा शेजारच्या खेड्यांची. डिसेंबर २०२० मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, तीही मानेसरच्याच नावाने. कासनचे नाव आता कासनच्याच लोकांनी घ्यावयाचे.