कॅप्टन कुकच्या टेकडीवर

आज आपल्याला एका टेकडीवर जायचं आहे. टेकडी आहे इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर परगण्यात. नाव रोजबेरी टॉपिंग, उंची अवघी ३२० मीटर. पण हिच्याच उतारावर एका शेतमजुराचा मुलगा लहानाचा मोठा झाला आणि पुढे प्रशांत महासागराचे नकाशे त्याने जगाला काढून दिले. तो मुलगा म्हणजे कॅप्टन जेम्स कुक.

ग्रेट आयटन या पायथ्याच्या गावातून निघू या. गावातून लेव्हन नावाची लहानशी नदी वाहते. चर्चच्या आवारात कुकच्या आईची कबर आहे. शेजारीच त्याची भावंडं विसावली आहेत. आठ भावंडांपैकी बरीच लहानपणीच गेली. त्या काळी गरिबाघरी हे नित्याचंच.

पुढे शाळा लागते. मायकेल पोस्टगेट नावाच्या गृहस्थांनी १७०४ साली ती सुरू केली. इमारत नंतर नव्याने बांधली गेली. तिथं आता संग्रहालय आहे. १७३६ साली कुकचे वडील थॉमस स्कॉटो या जमीनदाराच्या शेतावर मुकादम म्हणून आले. जेम्स तेव्हा आठेक वर्षांचा. त्याच्या शाळेचा खर्च स्कॉटोने उचलला. लिहिणं, वाचणं, हिशेब, एवढंच काय ते शिक्षण!

गाव मागे पडलं की एअरीहोमचं शेत येतं. वडील मुकादम होते ते हेच. इथून चढ लागतो. माथ्यावरून एका बाजूला माळरान दिसतं, दुसरीकडे टीस नदीचं सपाट खोरं आणि पलीकडे समुद्र. मात्र कुकने पाहिलेला माथा शंकूसारखा होता. १९१२ साली त्याचा एक भाग ढासळला, तेव्हापासून तो तुटक्या दातासारखा दिसतो.

इथून समुद्र पाहिला म्हणून कुक दर्यावर्दी झाला, असं कुणी म्हणेल. ऐकायला गोड आहे. पण पाहा, हा समुद्र गावातल्या प्रत्येक पोराला दिसत होता. कुक व्हिट्‌बीच्या कोळशाच्या जहाजांवर उमेदवार झाला, १७५५ साली आरमारात शिरला, १७६३ पासून न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याची मोजणी केली, १७६९ साली ताहिती बेटावरून शुक्राचं अधिक्रमण पाहिलं. या प्रत्येक कामाला हिशेब लागतो, नोंद लागते. त्याचा श्रीगणेशा त्या गावच्या शाळेत झाला.

माळावरून दक्षिणेला चालत गेलं की ईझबी मूरवर ५१ फुटी स्मारकस्तंभ आहे, १८२७ सालचा. कुक १७७९ साली हवाई बेटावर झालेल्या चकमकीत मारला गेला. त्याच्या नकाशांमागोमाग वसाहती गेल्या आणि कित्येक मूळ रहिवाशांच्या जमिनी हिरावल्या गेल्या, हेही सांगायला हवं. म्हणून त्याची पूजा नको. पण एका मजुराच्या पोराची फी कुणीतरी भरली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी खरी.

गुरुजी, तुमच्या गावालाही एखादी टेकडी असेल. एक दिवस मुलांना वर न्या. कागदावर विहीर, ओढा, शाळा मांडू द्या, दिशा ओळखू द्या. आणि वर कुणी पोरगा गुरं राखताना भेटला, तर त्याचं नाव विचारा. ते आपल्या हजेरीपटावर आहे की नाही, एवढं तरी पाहा.