सहाव्या वर्षाची दाढ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळातर्फे काही भगिनी शेजारच्या शाळेत मुलांना दातांची निगा शिकवतात. त्या कामाविषयी मी दोन शब्द बोलावे, असे ठरले आहे. पण आरंभी माझ्या घरातलीच एक चूक सांगते.

माझी धाकटी मुलगी पहिलीत असताना तिच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. मी म्हटले, “दुधाची दाढ आहे, पडेल नि नवी येईल.” वर्षभराने ती एका रात्री रडतच उठली. दातांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले, “बाई, ही कायमची दाढ. हिच्या जागी दुसरी येणार नाही.” दाढ काढावी लागली.

दुधाचे दात वीस. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी त्यांच्या मागे येते. वर दोन, खाली दोन. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून आईला पत्ताच लागत नाही. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात. त्यांत अन्न अडकते, जंतू साखरेचे आम्ल करतात आणि दात पोखरला जातो. गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे अधिक बाधते. म्हणून येताजाता गोळ्या-बिस्किटे देण्यापेक्षा जेवणातला लाडू बरा.

शाळेत मुले सारे पाठ म्हणून दाखवतात. पण इवला हात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आईने वा वडिलांनी फिरवावा. सकाळी घासावेत आणि रात्री निजण्यापूर्वी तर चुकू नये. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. फेस थुंकावा, भारंभार चुळा भरू नयेत. आणि घरात कोणी मिश्री लावत असेल, तर मूल शाळेतला धडा विसरून तेच उचलते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे आपण विसरू नये.

आज घरी गेल्यावर मुलाला उजेडात बसवा. समोरच्या मध्यापासून एका बाजूचे दात मोजा. पडलेल्याची जागाही धरा. पाच दुधाचे. सहावी दाढ दिसली, तर ती जन्माची सोबतीण समजा आणि तिच्यावर ठिपका दिसताच डॉक्टरांकडे जा.

माझ्या मुलीची दाढ गेली, तुमच्या मुलांची राहो, एवढे बोलून आपली रजा घेते.