मामूंची चिठ्ठी
(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



अशा व्यासपीठावरून मार्क, मेरिट आणि लातूरचे क्लास यांविषयी बोलण्याचा रिवाज आहे. ते विषय महत्त्वाचे आहेतच. पण आज मी तुमच्यासमोर असा एक विद्यार्थी उभा करणार आहे, की ज्याला गणिताची धास्ती होती, ज्याने मॅट्रिक कशीबशी पार केली, कॉलेज अर्ध्यावर सोडले. आणि ज्याला पुढे १९५८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्याचे नाव सलीम अली.

जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६. आईवडील अगदी लहानपणीच वारले. मामू अमीरुद्दीन तय्यबजी यांनी ह्या यतीम भाच्यांना सांभाळले. सलीमला छऱ्याच्या बंदुकीचा भारी नाद. १९०८ च्या सुमारास त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कोणती चिमणी, असे त्याने मामूंना विचारले. मामूंना ते सांगता येईना.

पालकहो, इथे मी मुद्दाम थांबतो. आपल्या घरी अशा वेळी काय होते? "परीक्षेत येणार आहे का ते? जा, पुस्तक उघड!" मामूंनी तसे केले नाही. त्यांनी भाच्याच्या हाती एक चिठ्ठी दिली आणि त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. बुजलेला पोरगा त्या गोऱ्या साहेबापुढे उभा राहिला. साहेबाने चिमणी ओळखली, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखविले, वाचावयास पुस्तके दिली. पुढे १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदीत, इंतकाल होईपर्यंत त्या मुलाचे पक्ष्यांशी नाते तुटले नाही.

पोटापाण्याचे काय, हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतो. तो रास्त आहे, आणि सलीम अलींनाही तो चुकला नाही. ब्रह्मदेशातला घरचा धंदा बसला. म्युझियममध्ये नोकरी मिळाली. पण जर्मनीत शिकून १९३० साली परत आले तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. पदवी नाही म्हणून इतरत्र दारे बंद. मग ते पत्नी तहमीना बेगम यांच्यासह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार माणसाला वेळ पुष्कळ! त्यांनी महिनोन्‌महिने ती घरटी न्याहाळली.

आपण सुगरण म्हणतो, कवितेतही तिचेच कौतुक करतो. पण घरटे विणतो तो नर. तो अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच ताब्यात घेते. मग नर लांब बोगदा विणून ते पुरे करतो आणि बाजूलाच दुसरीसाठी नवे घरटे सुरू करतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. किहीमचे हे निरीक्षण १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले आणि नाव झाले.

त्यानंतरची गोष्ट आपल्या मुलखाची आहे. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पगार नको, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, एवढ्याच बोलीवर हे काम त्यांनी पत्करले. तहमीना बेगम रानावनातल्या तंबूत त्यांच्या बरोबरीने राहत. मुलींच्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. वहीत रोजच्या रोज नोंदी होत: पक्षी कोणता, कुठे दिसला, काय खात होता. अशाच नोंदींतून १९४१ चे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक झाले आणि रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ साली पुरा झाला.

आणि हे ज्ञान शेतकऱ्याच्या कामाचे नाही, असेही समजू नका. तूर-हरभऱ्यात पक्षीथांबे रोवा असे कृषी खाते सांगते, कारण कोतवाल थांब्यावर बसून शेंगा पोखरणाऱ्या अळ्या टिपतो. आपण मात्र बांधावरची झाडे तोडतो आणि फवारणीसाठी उधारी करतो! सलीम अलींना राष्ट्रीय पक्षी म्हणून जो हवा होता, तो माळढोक तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरूनही जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

कोणी म्हणेल, दीनी घराण्यातल्या मुलाने चिमण्या-पाखरांमागे काय हिंडावे? बाबांनो, कुरआन शरीफमधल्या एका सूरेचे नाव मधमाशीवरून आहे, एकीचे मुंगीवरून, एकीचे कोळ्यावरून.

तेव्हा मित्रांनो, क्लास बुडवा असे मी सांगत नाही. पाऊस लागला की मुरुडच्या शिवारात, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबू लागतील. लहानांनी एकट्याने विहिरीजवळ जाऊ नये. थोरल्या भावाला नाहीतर अब्बांना बरोबर घ्या. पुरी घरटी किती आणि अर्धवट किती ते मोजा. दर आठवड्याला तारीख घालून लिहा. पालकहो, दोनशे पानी वही तेवढी तुम्ही आणून द्या.