शिक्षकाचे मन आणि शाळेचे वातावरण
(सूस येथे समाजबांधव व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून. मी शिक्षकांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण इथे शिक्षक बसले आहेत, डी.एड. करणाऱ्या मुली बसल्या आहेत, आणि आपली सर्वांची मुले शिक्षकांच्याच हाती आहेत. शिक्षक नीट शिकवत नाहीत, अशी तक्रार आपण सहज करतो. त्यांचे कामात मन का लागत नाही, हे मात्र कुणी विचारत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी ते विचारले होते. 19 ऑक्टोबर 1882 रोजी त्यांनी पुण्याहून हंटर आयोगाला निवेदन दिले. त्या काळी प्राथमिक शिक्षकाला 10 रुपयांहून जास्त पगार क्वचितच मिळे. जोतीरावांनी प्रशिक्षित शिक्षकाला किमान 12 रुपये आणि मोठ्या गावात 15 ते 20 रुपये मागितले. जास्त मुले पास करणाऱ्याला वेगळा भत्ता द्या, असेही सांगितले. त्यांची आणखी एक सूचना मला फार मोलाची वाटते. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल, स्टँपविक्री अशा कामांत शिक्षकाला घ्या, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल!

आज झाले उलटेच. कामे भरपूर आली, मान आला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. पण खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, तातडीचे अहवाल यांना शाळेचेच काम म्हणतात, मग कायदा आड येत नाही. आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळली की माणूस मोकळ्या मनाने घरी जातो. शिक्षकाचा हिशेब दहा-पंधरा वर्षांनी जुळतो, तोवर विद्यार्थी गाव सोडून गेलेला असतो.

पगाराचे महत्त्व मी कमी करत नाही. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिकच्या तरुण शिक्षकाला तीन वर्षे महिना 3000 रुपयांवर काढावी लागत. 2023 साली हे मानधन 16000 झाले. शेजारच्याच वर्गावर तेच काम करणाऱ्याला पूर्ण पगार, हे रोज डोळ्यांसमोर असते. विनाअनुदानित शाळांतल्यांचे हाल तर विचारूच नका.

पण पगार मिळाला म्हणजे सारे झाले, असेही नाही. बाबासाहेब 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये, त्या काळी उत्तम. विद्यार्थ्यांत त्यांचे शिकवणे गाजले. आणि सहकारी प्राध्यापकांची हरकत कशाला? तर बाबासाहेब त्यांच्याच पाण्याच्या भांड्यातले पाणी पितात याला! वर्गात मान, स्टाफरूममध्ये अपमान. आज भांडे कुणी वेगळे ठेवत नाही. पण वेळापत्रक लावताना, कार्यक्रमात सूत्रसंचालन देताना, डबा खायला बसताना कोण कुठे ढकलला जातो, हे आपल्यातल्या शिक्षकांना विचारून पाहा.

बँकेच्या परीक्षेसाठी मला हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा अभ्यास करावा लागला. 1959 साली त्याने इंजिनिअर आणि हिशेबनीस यांच्याशी बोलून मांडले, की पगार, साहेबाची वागणूक, कामाची जागा यांनी माणसाची नाराजी कमी होते. उमेद मात्र काम साधल्याने आणि त्याची कुणी दखल घेतल्याने येते. मला हे पटते, पण आपल्याकडे एक भर घालावी लागेल. साहेबाइतकेच बरोबरीचे लोक महत्त्वाचे. एखाद्याने नवीन काही सुरू केले की इतर म्हणतात, "तू आम्हाला कामाला लावणार!" सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या नऊ शिक्षकांना वाटली. पुरस्कारापेक्षा मला ही वाटणी मोठी वाटते.

आपले सूस 2021 साली पुणे महापालिकेत गेले. इमारती वाढल्या, ओळखी कमी झाल्या. गुरुजींना आता गावात किती जण नावाने ओळखतात? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. तेव्हा ताई-माईंनो, पुढच्या सभेला जाल तेव्हा मुलाचे मार्क विचाराच. पण बाईंना बसायला जागा आहे का, त्यांच्यासाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का, आणि या महिन्यात त्यांचे किती तास कागद भरण्यात गेले, हेही विचारा.

जय भीम.