निवासी डॉक्टरची वाट
(कनेरगाव नाका येथे गुणवंत विद्यार्थी सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस सत्काराला बोलाविले. सत्कार स्वीकारला, पण आमचे शिक्षण अद्याप संपलेले नाही. आम्ही प्लॅस्टिक सर्जरीचे निवासी डॉक्टर आहोत, म्हणजे रुग्णालयात राहून रात्रंदिवस रुग्ण पाहत शिकणारे विद्यार्थी. मघाशी एका आजीने विचारले, "इतकं शिकून पिलास्टिकच्या कारखान्यात काम करतोस व्हय?" हसू नका. शिकलेल्यांचा गैरसमज याहून मोठा आहे. नटनट्यांची नाके सरळ करणे एवढेच हे काम, असे त्यांना वाटते. 'प्लॅस्टिक' हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ घडविणे, आकार देणे असा आहे. कुंभार मातीला देतो तसा.

कुंभाराचे नाव आम्ही उगाच घेतले नाही. 1792 च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा मराठा गाडीवान होता. तो कैद झाला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसविले. आधी मेणाचा नमुना केला, त्याच्या मापाने कातडी उचलली, आणि ती जगावी म्हणून भुवयांमध्ये तिचा देठ तसाच ठेवला. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तांत चित्रासह छापून आला. तो वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शल्यचिकित्सकाने अभ्यास केला व 1814 मध्ये लंडनला तसे नाक बसविले. वृत्तांतात गाडीवानाचे नाव आहे, बघणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत. हात ज्याचा चालला त्याचे नाव नाही. तो विटा करणाऱ्या जातीचा होता, एवढेच लिहिले आहे. मंडळी, हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. कपाळाच्या कातडीचे नाक आम्ही आजही त्याच तत्त्वावर करतो.

भगवंतांचे वैद्य जीवक यांची कथा विनयपिटकात आहे, ती आपण ऐकली असेलच. जन्मताच उकिरड्यावर टाकलेले मूल, राजकुमार अभयाने वाढविलेले. तक्षशिलेला सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी परीक्षा घेतली, की योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पती आण. जीवक रिकाम्या हाताने परतले आणि उत्तीर्ण झाले.

आपल्या काळातले नाव घ्यायचे तर डॉ. नोशीर अंतिया यांचे. विलायतेत सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे ते शिकले. गिलीज म्हणजे पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांना पुन्हा माणसांत आणणारे शल्यचिकित्सक. अंतिया परतले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी ही शाखा उभी केली. श्रीमंतांच्या सुरकुत्या काढून त्यांना पैसा मिळविता आला असता. त्यांनी हात घातला तो कुष्ठरोग्यांच्या बसलेल्या नाकांना आणि वाकड्या झालेल्या बोटांना. ज्यांना कुणी शिवत नव्हते त्यांना. अस्पृश्यता म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही, म्हणून इथे थांबतो. 1990 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2007 मध्ये ते गेले. दुसरे डॉ. शरदकुमार दीक्षित, मूळचे पंढरपूरचे. अमेरिकेत राहत, पण दरवर्षी भारतात येऊन शिबिरांतून हजारो मुलांचे फाटलेले ओठ मोफत शिवत. स्वतः अपघाताने अपंग झाले, तरी चाकाच्या खुर्चीतून ते काम चालूच ठेवले.

आता विद्यार्थ्यांसाठी हिशेब. एमबीबीएस साडेचार वर्षे, इंटर्नशिप एक, जनरल सर्जरीची एमएस तीन, मग प्लॅस्टिक सर्जरीची एमसीएच तीन. साडेअकरा वर्षे झाली. मध्ये बंधपत्राची सेवा आणि परीक्षेत गेलेली वर्षे वेगळीच. इतकी वर्षे घर कोण चालवणार, हा प्रश्न आपल्या वस्तीत आधी येतो. इंटर्नशिपपासून विद्यावेतन मिळते, त्यावर आम्ही निभावले. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या. केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना 1990 च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या, त्या एमएसच्या प्रवेशापर्यंत उपयोगी पडतात. एमसीएचच्या अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेत जातवार आरक्षण नाही. तरीही पहिल्याच दिवशी एका वरिष्ठाने आम्हांस विचारले, "कुठल्या कोट्यातून?" आम्ही गुणानुक्रम सांगितला. तो नसता सांगावा लागला तर बरे झाले असते, कारण कोट्यातून आलेल्याचाही टाका तितकाच सरळ असतो.

शिकताना काय करतो? पहिले कित्येक महिने जळितांची ड्रेसिंग. मग मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावणे. घरी रबरी हातमोज्यावर टाके घालण्याचा सराव. तुटलेले बोट जोडताना जेमतेम एक मिलिमीटरची रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवावी लागते, आणि नंतर रात्रभर तासातासाला त्या बोटाचा रंग व ऊब पाहत बसावे लागते. ते निळे पडले की पुन्हा शस्त्रक्रियागृह. आमचा चित्रकलेचा नाद इथे कामी आला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांना घरचे लोक "चित्रं काढून पोट भरतं का?" म्हणतात, त्यांनी हे ऐकावे.

आपला भाग हळदीचा. हळद शिजविताना भाजते, मळणीयंत्रात हात जातो. भाजल्याबरोबर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. शाई, टूथपेस्ट, शेण काही लावू नका. आमच्याकडे एक बाई तिसऱ्या दिवशी आली, मानेवर शाईचा थर. जखम भरली, पण हनुवटी छातीला ओढली गेली आणि ती सोडवायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. बोट तुटले तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर नको. आणि उशीर न करता निघा. 2024 पासून हिंगोलीला व वाशिमला प्रत्येकी शंभर जागांची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. नाक्यावरून दोन्ही दिशांना रस्ता आहे. पण तुटलेले बोट जोडण्याची सोय कुठे आहे, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

फाटलेल्या ओठाचे बाळ जन्मले की ग्रहणाला दोष देतात, आईला बोल लावतात. ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ओठ साधारण तिसऱ्या महिन्यात आणि टाळू वर्षाच्या आसपास शिवता येते. सरकारी योजनेत त्याला पैसे पडत नाहीत. असे बाळ आपल्या वस्तीत किंवा शेजारच्या गावात कुणाच्या घरी असेल, तर सभेनंतर आमच्याशी बोला. लाज बाळगू नका. उद्या दुपारच्या गाडीपर्यंत आम्ही विहारातच आहोत.

जयभीम.