फटक्याआधीचे आसन

(व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



गोल्फ म्हटले की मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर हिरवळ, पांढरी टोपी आणि भरलेले पाकीट उभे राहते. त्यात फारसे खोटेही नाही. इंग्रजांनी १८२९ मध्ये कोलकात्यात गोल्फ क्लब स्थापन केला आणि पुढे दीर्घ काळ हा खेळ साहेब, लष्करी अधिकारी व उद्योगपती यांच्यापुरताच राहिला. परंतु दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने २०१५ च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत संयुक्त पाचवे स्थान मिळवले. २०२१ मध्ये टोकियोत अदिती अशोकचे ऑलिंपिक पदक अवघ्या एका फटक्याने हुकले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हाती धरली नव्हती, तेही पहाटे उठून दूरदर्शनसमोर बसले होते.

आता पन्नाशी-साठीतील पुष्कळ गृहस्थ या मैदानाकडे वळू लागले आहेत. मोकळी हवा, पाच-सात किलोमीटर चालणे, चार समवयस्कांची संगत. या वयात याहून बरे काय हवे? पण त्यांतील कित्येक जण काही महिन्यांतच कंबर धरून घरी बसतात. गोल्फपटूंच्या दुखण्यांत कंबरदुखी अग्रभागी असते, हे क्रीडावैद्यकाला चांगले ठाऊक आहे. दोष वयाच्या माथी मारला जातो. वास्तविक बहुतेक वेळा तो चेंडूसमोर उभे राहण्याच्या पद्धतीत दडलेला असतो.

कुस्तीतला पवित्रा आपल्याला परिचित आहे. गोल्फमध्येही पवित्रा असतो. फरक एवढाच की येथे प्रतिस्पर्धी जागचा हलत नाही. चेंडू निश्चल पडलेला असतो आणि खेळाडूला हवा तितका वेळ असतो. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श मात्र अर्ध्या सहस्रांश सेकंदाहून अधिक टिकत नाही. त्या क्षणी काही सुधारणे मनुष्याच्या हाती नसते. चेंडूची दिशा १ अंशाने चुकली, तरी २०० मीटरवर तो सुमारे साडेतीन मीटर बाजूला जातो. म्हणजे जे काही साधायचे, ते फटका सुरू होण्यापूर्वी, उभे राहण्यात साधायचे.

येथे एक छोटा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. खुर्चीत पाठीला पोक काढून बसावे, हात छातीशी घ्यावेत आणि धड उजवीकडे वळवावे. मग मेरुदंड ताठ करून तेच पुन्हा करावे. सभागृहातल्या प्रत्येकाला फरक जाणवेल. पोक काढलेली पाठ वळतच नाही. मेरुदंडाचा छातीमागचा भाग आणि खुबे हे वळण्यासाठी घडलेले आहेत. कमरेचे मणके फार थोडे वळू शकतात. वरचा भाग वाकलेला आणि खुबे आखडलेले असले, की वळण्याचा सारा भार त्या बिचाऱ्या कमरेवर पडतो. मग तिने कुरकुर केली तर नवल काय? आयुष्यभर कचेरीतल्या टेबलावर आणि आता संगणकापुढे वाकलेला माणूस तीच पाठ घेऊन मैदानावर जातो.

पतंजलींच्या सूत्रांत आसनांविषयी अवघी तीन सूत्रे आहेत आणि त्यांतील पहिल्यात आसनाचे दोन गुण सांगितले आहेत: स्थैर्य आणि सुख. दुसऱ्यात प्रयत्न सैल करण्याची गोष्ट येते. पतंजलींनी हे चेंडूफळीसाठी लिहिले नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्या पूर्वजांना गोल्फ ठाऊक होता, असे सांगू पाहणारा उत्साही मनुष्य एखाद्या दिवशी भेटेलही. त्याला नमस्कार करून पुढे जावे. परंतु ताण न घेता स्थिर राहणे ही कला योगाने जितकी बारकाईने घडवली, तितकी क्वचितच कोणी घडवली असेल.

त्याचा दाखला आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. जगद्विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन १९५२ मध्ये भारतात आले, तेव्हा शीण आणि अपुरी झोप यांनी ते त्रस्त होते. मुंबईत त्यांची बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी भेट झाली आणि पुढे अय्यंगार त्यांचे योगगुरू झाले. अय्यंगार व्हायोलिन वाजवत नसत. तरीही मेन्यूहिन यांनी त्यांना घड्याळ भेट दिले, त्यावर त्यांचा गौरव आपले सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक असा कोरलेला होता. खांदा, मान, श्वास आणि उभे राहणे सुधारले, की गज आपोआप नीट चालू लागतो, हे त्या थोर कलावंताने ओळखले होते. गज आणि गोल्फची काठी यांत या बाबतीत फारसे अंतर नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम ताडासन. पावले खांद्याइतक्या अंतरावर ठेवावीत आणि अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ व टाचेच्या दोन्ही कडा यांवर भार सारखा पडतो का, ते पाहावे. मग काठी पाठीला उभी लावून धरावी. डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांमधला भाग आणि कमरेखालची त्रिकास्थी, अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता कमरेतून नव्हे, तर जांघेतून पुढे झुकावे. तीनपैकी एकही स्पर्श सुटला, तर वाकणे चुकले. अर्ध उत्तानासन जाणणाऱ्यास हे नवे नाही. गुडघ्यांचा ताठरपणा तेवढा सोडावा, आणि हात खांद्यापासून ओल्या वस्त्रासारखे आपल्या वजनाने लोंबू द्यावेत. जेथे लोंबतील तेथेच काठी धरावी. हनुवटी छातीत खुपसू नये, कारण मग खांद्याला वळायला वाव उरत नाही. चेंडूकडे नजर खाली न्यावी, मान नव्हे. याच्या अगदी उलट, छाती फुगवून कमरेचा खळगा खोल करणारेही असतात. ते देखणे दिसते, पण कमरेला तितकेच जाचते.

घरी सरावासाठी उत्कटासनाने मांड्यांना बळ येते, वृक्षासनाने तोल साधतो आणि मरीच्यासन वा अर्धमत्स्येंद्रासनाने पाठ वळती राहते. ज्यांना मांडी घालून पीळ घेणे जमत नाही, त्यांनी खुर्चीत आडवे बसून, पाठीच्या दांड्याला धरून तो घ्यावा. पायात उतरणारी कळ वा मुंग्या असतील, तर मात्र आधी वैद्य गाठावा, मग आसने.

श्वासाची गोष्ट थोडक्यात. फटक्यापूर्वी एक दीर्घ उच्छ्वास सोडला, की खांदे खाली येतात आणि मुठीची पकड सैल होते. लाहिरी विपश्यनेची साधना करतो. ती बौद्ध परंपरेतली, पतंजलींची नव्हे. पण श्वासाकडे पाहण्याचे शिक्षण तेथेही आहेच.

एक मुद्दा मात्र शिकवणारेही विसरतात. गोल्फ हा एकांगी खेळ आहे. उजव्या हाताचा खेळाडू प्रत्येक फटका डावीकडेच वेगाने वळून मारतो. एका फेरीत सरावाचे फटके धरून शंभराहून अधिक वेळा. योगात असे एका बाजूचे आसन संभवतच नाही. उजवी बाजू झाली, की डावी करावीच लागते. म्हणून खेळ संपल्यावर गाडीकडे धावण्यापूर्वी काठी उलटी धरावी, डावखुऱ्यासारखे उभे राहावे आणि चेंडूविना दहा-बारा वेळा सावकाश फिरावे. शेजारचे हसतील, हसू द्यावे. घरी पीळ घेतानाही ज्या बाजूला अंग कमी वळते, त्या बाजूला दोन श्वास अधिक थांबावे.